दुसऱ्याच्या नावाचा लेख

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या त्रैमासिकात एक लेख छापून आला. त्याखाली ज्यांचं नाव होतं, त्यांनी तो लिहिलेला नव्हता.

लिहिला होता आमच्या नेपरव्हिल गावातल्याच एका इंजिनिअरने. ती मूळची नागपूरची. पुण्यात शिकताना रशियन शिकली होती. संपादन माझ्याकडे होतं. इकडे येण्यापूर्वी मी पुण्यात एका दैनिकात पंधरा वर्षं उपसंपादक होतो.

विषय होता झारशाहीच्या अखेरच्या काळातली लहान शहरांतली वर्तमानपत्रं. अनेक ठिकाणी वेगळा सेन्सॉर नसे. प्रांताचा उपगव्हर्नर बाकीची कामं उरकून प्रुफं वाचायचा, तोवर छपाई थांबायची. पुढे आधी तपासणं बंद झालं आणि छापल्यावर दंड, तुरुंग सुरू झाला. शेवटी तिने इथल्या विमानतळांवर तपासल्या जाणाऱ्या फोनांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या.

अंक छपाईला जायच्या आधी, बुधवारी सकाळी तिचा फोन आला. "दादा, माझं नाव काढता येईल?" दुपारी म्हणाली, "नको, राहू द्या." संध्याकाळी पुन्हा. "त्या चार ओळी डिलीट करा ना. नाही, थांबा. उद्या सांगते."

ती वर्क व्हिसावर होती. वडिलांच्या ऑपरेशनसाठी रविवारी नागपूरला निघायची होती आणि तीन आठवड्यांनी परत यायचं होतं. अंक वेबसाइटवर कुणालाही दिसतो.

आमची प्रुफं एक निवृत्त डॉक्टर काका वाचतात. त्यांना सांगितलं.

"मग माझं नाव टाक."

"काका, लेख तुमचा नाही."

"तिनेच लिहिलंय की, ते पेपरवाले तुरुंगात जायला पगारी संपादक ठेवायचे. मी फुकट येतो."

"कुणी विचारलं तर?"

"ऐंशी सालापासून इथला सिटिझन आहे मी. कुठे पाठवतील? आयसेलिनच्या इंडियन बाजारात?"

तिला विचारलं. ती "चालेल" म्हणाली. मी नाव बदललं, ओळी ठेवल्या. छपाईला देईपर्यंत ती फाइल सात वेळा उघडली.

ती परतली त्या दिवशी विमान दोनला उतरलं. अडीचला मेसेज आला, "लाइनमध्ये." तीन दहाला, "आत बोलावलंय." मग काही नाही. काका दर वीस मिनिटांनी फोन करून "आली का?" विचारत होते. पाच वाजून पाच मिनिटांनी ती बाहेर आली. अधिकाऱ्यांनी कंपनीची कागदपत्रं पाहिली होती. फोन मागितला नव्हता.

जुलैच्या अंकासाठी तिचा लेख जूनमध्ये आला. विषय होता कुंडीत कोथिंबीर कशी लावावी. लेखकाच्या जागी तिने काकांचं नाव टाइप केलेलं होतं.