हौदावरची टिचकी

अमेरिकेतल्या रेडमंडहून तासाभरावर, नदीकाठी, तिथल्या मूळ रहिवाशांचं मत्स्यबीज केंद्र आहे. तिथं एक आजी सॅमन माशांच्या पिल्लांना खाणं टाकायच्या. आधी हौदाच्या कडेवर टिचकी मारायच्या, मगच मूठ सोडायच्या.

पैशांअभावी केंद्र बंद पडणार होतं. शेवटी सरकारच्या पुरवणी निधीत, तटरक्षक दलाच्या बोटींच्या खर्चाबरोबर, या केंद्रालाही पैसे मिळाले. मी केंद्र बघायला गेलो तेव्हा आजींचं अभिनंदन केलं.

त्या हसल्या. "आमच्या जमिनी, नद्या घेतल्याबद्दल सरकारवाले माफी तर नेहमीच मागतात रे. या वेळी सोबत खाणंही पाठवलंय."

"मीही सरकारी शिष्यवृत्तीवरच शिकलो, आजी. घरातला पहिला पदवीधर."

त्यांनी माझ्या हातात खाणं ठेवलं. "मग आज तू टाक. पण आधी टिचकी. नुसतं फेकायचं नसतं."

मी टिचकी मारली. सगळा हौद माझ्याकडे वळला.