काढलेलं उद्गारचिन्ह

चूक माझी होती आणि तिचं माप आप्पांच्या पदरात पडलं. हे आधी सांगतो, मग आप्पांविषयी.

साताऱ्यातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ते सगळ्यांत वयस्कर. लष्करात सिग्नलला, म्हणजे संदेशवहनात होते, निवृत्तीनंतर प्रोग्रामिंग शिकले. कुणाचाही कोड तपासायला बसले की चष्मा कपाळावर सरकवायचे आणि एखाद्या मेथडवर बोट टेकवून विचारायचे, "ही नुसती बघाय आलीया, का बदलाय?"

मेथड म्हणजे प्रोग्रामला नेमून दिलेलं एक काम. काही मेथडी माहिती फक्त वाचतात, काही मूळ माहितीच बदलून टाकतात. बदलणारीच्या नावाला शेवटी उद्गारचिन्ह लावायचं, हा आप्पांचा दंडक.

"सुरुंग पेरल्यावर पाटी लावाय नको व्हय रं?"

त्यांच्या ठेच्याच्या डब्यावरही पेनानं काढलेलं उद्गारचिन्ह होतं. न विचारता घास घेणाऱ्याला म्हणायचे, "पाटी वाचली न्हाईस, आता रड." तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, आपण त्याला हसतो आणि त्याच्याच भरवशावर घरी जातो.

कडेगावकडच्या एका पाणीवापर संस्थेसाठी आम्ही पाणीपाळीची यादी करत होतो; यादीतल्या क्रमानंच शेतांना पाणी सुटायचं. आप्पांचं गाव त्यातच. शेतकऱ्यांची नावं अकारविल्हे लावणारी मेथड मी लिहिली. ती मूळ यादीचाच क्रम बदलायची, म्हणून नावाला उद्गारचिन्ह लावलं. आप्पांनी चिन्ह पाहिलं, मान डोलावली. नंतर मला ते चिन्ह बटबटीत वाटलं. मी ते गुपचूप काढलं.

चिन्ह नाही म्हणून एका सहकारिणीनं ती मेथड निर्धास्तपणे वापरली. मग कुणी यादी नुसती उघडली तरी पाळ्या नावांच्या अकारविल्हे क्रमानं लागू लागल्या. ऐन उन्हाळ्यात आधी पाळी असलेली कालव्याच्या टोकाची शेतं मागं पडून कोरडी राहिली.

गावकरी ऑफिसात आले. "आवं आप्पा, आपल्याच गावाला कोरडं ठिवलंसा?"

"तपासनी माजी हुती," आप्पा म्हणाले. "चूक माजीच."

मी शेजारच्या टेबलाशी खाली मान घालून बसलो होतो. कोणी काय बदललं याची नोंद संगणकात राहते. त्यांनी ती पाहिली असणारच. मला कधी विचारलं नाही. आठवड्याभरात नोकरी सोडून गावी गेले. तिथंही संस्थेच्या सभेला जाणं त्यांनी बंद केल्याचं कानावर आलं.

दोन वर्षांनी मी त्या सभेला गेलो, आप्पांना घरून हाताला धरून घेऊन.

"कशापायी, गड्या? झालं ते झालं," ते वाटभर म्हणत होते.

मी उभा राहिलो. "मंडळी, पाळी आप्पांमुळं चुकली नाही. त्यांनी तपासल्यावर मी बदल केला आणि सांगितला नाही. तुम्ही ऑफिसात आलात तेव्हा मी तिथंच बसलो होतो, गप्प. आप्पा, मला माफ करा."