गाडीगाण्याचे ठोके

डेल्बर्ट हॉकडेच्या तोंडचं पाणी पळालं. समोर त्याचाच बँड झोकात वाजत होता, सारं गाव ठेक्यावर टाळ्या पिटत होतं, आणि शेजारी मानाच्या खुर्चीत बसलेल्या अल्मीडा आजींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

डेल्बर्ट त्या अमेरिकेतल्या, नेब्रास्कातल्या गावाचा न्हावी. दिवसा दाढ्या, संध्याकाळी बँड. विकत मिळणारं बँडचं संगीत शहरातल्या वादकांसाठी लिहिलेलं. इथे मोठा भोंगा फुंकणारा लोहार गस, त्याचे पुढचे दात घोड्याने पाडलेले! म्हणून डेल्बर्ट एकेकाचा वकूब बघून जुनी गाणी स्वतःच बँडवर बसवायचा. गुरं हाकायची, नवी वस्ती करायला पश्चिमेकडे निघालेल्या बैलगाड्यांच्या तांड्यांची. म्हाताऱ्यांची फुकट दाढी करायची आणि चाली उकळायच्या, हा त्याचा धंदा. शब्द मात्र तो कधी विचारायचा नाही. "बँडला तोंडं पुष्कळ, जीभ एकही नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यावर स्वतःच हसायचा, शहाणा!

अल्मीडा आजी लहानपणी प्लॅट नदीच्या काठाकाठाने गाडीतून आलेल्या. वसंतात एकदा ओसरीवर बसून त्या एक चाल गुणगुणत होत्या. चाल चांगली धावती, आणि प्रत्येक ओळ संपली की काठीचे दोन ठोके.

"आजी, हे कुठे दडवून ठेवलं होतंत?" डेल्बर्ट कुंपणावरूनच ओरडला.

"गाड्यांचं आहे रे. शब्द सांगू?"

"राहू द्या! माझ्या भोंग्यांना काय करायचेत शब्द?"

आजींनी त्याच्याकडे जरा पाहिलं आणि पुन्हा चाल धरली.

उन्हाळाभर तो त्या चालीवर राबला. धावती चाल क्लॅरिनेटना दिली, काठीचे ठोके मोठ्या ढोलाला. जुन्या वसाहतकऱ्यांच्या मेळ्यात आजींनी ते ऐकून खूष व्हावं, एवढीच त्याची हौस होती.

आणि आता मेळ्यात आजींचा चेहरा हा असा. एका हाताने ताल देत तो वाकला.

"आजी, चुकलं का कुठे?"

"नाही रे. अगदी तस्संच आहे."

ढोलावर दण्ण दण्ण झालं. लोकांनी टाळ्यांनी साथ दिली.

"हे पुढचं चाक," आजी म्हणाल्या, "आणि हे मागचं."

"कसलं चाक?"

"वाटेत मेलेल्याला वाटेतच पुरायचे. नुसती माती ओढली तर लांडगे उकरायचे. म्हणून सगळ्या गाड्या वरून न्यायच्या, जागा सपाट होईस्तोवर. माझा धाकटा भाऊ होता, अंगावर पिणारा, तोही असाच पुरला. उंचवट्यावरून चाक उतरलं की आवाज व्हायचा. तो आईच्या कानावर पडू नये म्हणून सगळे मोठ्याने गायचे."

समोर बायका पोरांना कडेवर घेऊन नाचवत होत्या. प्रत्येक दणक्याला पोरं खिदळत होती. ते दणके त्याने दिले होते, बरोबर जागेवर, दोन-दोन. किती सुंदर बसवलंय, असं सकाळी बायकोला सांगून आलो आपण, हे आठवून त्याला स्वतःची किळस आली. त्याने बँड थांबवायला हात उचलला.

आजींनी झडप घालून त्याचं मनगट धरलं. एवढा जोर त्या हाडांत कुठून आला कोण जाणे.

"थांबवू नकोस मेल्या!"

"आजी, हे मी कसं वाजवू?"

"तेव्हा आई मधेच किंचाळली, थांबा म्हणून. गाणारे सगळे गप्प झाले. पण बैल थांबतायत होय? गाड्या चालतच राहिल्या." आजी ढोलाकडे बघत होत्या. "मग तिला सगळं ऐकू आलं."

ओळ संपत आली होती. ढोलवाला दांडा उगारून डेल्बर्टकडे बघत होता.

"वाजव, पोरा," आजी म्हणाल्या. "मोठ्याने वाजव."

डेल्बर्टने हात खाली आणला, आणि ढोलावर दण्ण दण्ण झालं.