सासू आली. राहिली.

छोट्या जाहिरातींच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंनी कादंबरी लिहायला घेतली आणि ती चाळिसाव्या पानावर संपली. तीन पिढ्या, दोन लग्नं, एक घटस्फोट, एक पूर, सगळं उरकलं होतं.

बाईंचा तरी काय दोष? वर्तमानपत्राच्या त्या खिडकीत शब्दागणिक पैसे पडतात. लोक घाम गाळून मजकूर आणायचे आणि बाई लाल पेनानं त्याला कात्री लावायच्या. "'प्रेमळ' आणि 'मायाळू' दोन्ही कशाला? एक काढा." अर्धं आयुष्य यात गेल्यावर हात आखडणारच.

प्रकाशकानं बाड चहा निवायच्या आत वाचून काढलं. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "'सासू आली. राहिली.' पुढे?"

"पुढे काय? आलं की त्यात सगळं."

"बाई, ही कादंबरी आहे की खोली भाड्यानं देण्याची जाहिरात? ही सासू कोण, कशी, ते कळू द्या. दोनशे पानं तरी करा, नाहीतर राहू द्या."

बाई चडफडत घरी आल्या. पाणी घालून वाढवायला कादंबरी म्हणजे काय चहा? पण स्वतःचं पुस्तक त्यांना शाळेपासून हवं होतं. आधीच्या दोन प्रकाशकांनी तर बाड उघडलंही नव्हतं, आणि चौथा गावात नव्हताच.

घरात मात्र शब्दांना तोटा नव्हता. गिझर बिघडला एवढं सांगायला सासूबाई गिझरवाल्याच्या मेहुणीच्या मोडलेल्या लग्नापासून सुरुवात करायच्या. इतकी वर्षं बाई नुसतं 'हं, हं' करत भांडी घासत आल्या होत्या. त्या संध्याकाळी भांडी तशीच ठेवून त्या समोर येऊन बसल्या.

"आई, तुम्ही इथे राहायला आलात, तो दिवस सांगा ना."

सासूबाईंनी संशयानं पाहिलं. "का गं? बरं नाही का तुला?"

मग त्या सुटल्या. रिकामं घर, दोनदा ओढून पाहिलेलं कुलूप, जिन्यात दर पायरीला टेकवलेली बॅग. बेल वाजवायचा धीर होईना म्हणून त्या किती वेळ दारात उभ्या होत्या. "तू दार उघडलंस आणि म्हणालीस, 'आलात?' बस, एवढंच. मला वाटलं, आल्या पावली परत जावं."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेल्या त्या सवयीनं तिथेही शब्द वाचवले होते.

सगळा हिवाळा सासूबाई बोलत होत्या आणि बाई लिहीत होत्या. दोघी मिळून आपल्याविरुद्ध काहीतरी शिजवताहेत, अशी नवऱ्याची खात्री झाली. बाड दोनशेच्याही पुढे गेलं. "म्हातारी फक्कड आहे!" म्हणत प्रकाशकानं ते छापलं.

पुस्तक घरी आलं, तेव्हा सासूबाईंनी चष्मा पुसून पहिलंच पान उघडलं. अर्पणपत्रिकेत छापलं होतं, 'आलात, आई? बरं झालं. दमला असाल. ती बॅग द्या इकडे. आत या, हे घर तुमचंच आहे.'

जन्मात ज्यांना कुणी गप्प करू शकलं नव्हतं, त्या सासूबाई बराच वेळ त्या पानावरून हात फिरवत राहिल्या.

"आले गं," एवढंच म्हणाल्या.