मुका पाटा

बातमीदाराच्या वहीत दोन प्रकारचा मजकूर साठतो. एक छापून येतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यात फुटाणे बांधले जातात. दुसरा छापलाच जात नाही, म्हणून टिकतो! शेषरावांच्या कारखान्याचे किस्से माझ्या वहीत असेच साचले.

नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, तेव्हाची ही गोष्ट. वर्ध्याहून सिंदी मेघेकडे जाणाऱ्या वाटेवर शेषराव लॉरीच्या कमानीचे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगचे, पोलादी पाटे बनवत. आसपासचा सगळा कापूस त्या पाट्यांवर डुलत जिनिंगला जाई. राजधानीत बसून "वर्ध्यात काय आहे?" असं विचारणाऱ्यांना मी हेच ऐकवत असे.

*

शेषरावांची तपासणीची रीत साधी. पाटा टांगायचा, हातोडीचा टोला द्यायचा आणि ऐकायचं. खणखणला तर बोलका, ठक्क झालं तर मुका. मुका पाटा फाटकाबाहेर जात नसे.

एकदा एका खात्याचे खरेदी अधिकारी आले. मोजपट्टी लावून म्हणाले, "माप बरोबर आहे. द्या की हा."

शेषरावांनी टोला दिला. ठक्क! "साहेब, माप बराबर हाय, पण मुका हाय. अर्ध्या रस्त्यात तुटन, तवा तुमाले सांगनबी नाई!"

*

मग एका खेपेचं पोलाद खराब निघालं. सगळे पाटे मुके! नागपूरचा एक दलाल वास काढत आला.

"रंग मारून द्या, मी खपवतो. बाहेर कोणाला कळतंय?"

"मले कळते ना जी!"

ते सगळे पाटे कडुनिंबाखाली रचून ठेवले. पैसा त्यांच्यात अडकला. पोलादवाल्यानं उधारी तोडली, बँकेनं हात आखडला, भट्टी थंड पडली. खोटा माल विकला नाही म्हणून माणूस बुडतोय, हे बघून माझं डोकं फिरलं. त्याच दुपारी बातमी लिहून धाडली. असा माणूस बुडता कामा नये, म्हणून मथळा दिला, 'शेषरावांचा कारखाना बसणार नाही'.

छापून आलं, 'शेषरावांचा कारखाना बसणार'!

*

पहिल्या गाडीनं नागपूर गाठलं आणि उपसंपादकाच्या टेबलावर अंक आपटला. "माझं 'नाही' कुठं गेलं?"

"एका कॉलमात मावलं नाही."

"मग उद्या दुरुस्ती छापा!"

"जागा नाही."

"बोलताना बरं मावतं हो तुमचं 'नाही'!" मी म्हणालो. त्या महिन्याचं माझं मानधन उशिरा आलं. येऊ दे!

*

दोनच दिवसांत लॉरीमालक फाटकावर. प्रत्येकाच्या हातात बयाण्याची पावती. पुढे सिंदी रेल्वे गावचे लॉरीमालक गुलाबराव. कापसाचा हंगाम तोंडावर. कारखाना बंद झाला तर बयाणाही गेला आणि कमानीवाचून लॉऱ्याही उभ्या.

"काऊन जी शेषराव, कारखाना बसला म्हणते?"

"बसते ते कमान, गुलाबराव. तुमी तिच्यावर डबल गाठी लादता म्हून!"

लोक हसले, पण हलला कोणी नाही.

"मंग आमच्या बयाण्याचं काय?"

शेषरावांनी पेटी आणून मधोमध ठेवली. "जसाच्या तसा हाय, तुमाले इचारल्याबिगर हात नाई लावला. न्यायचा तं न्या. ठेवला तं उद्या याचंच पोलाद आणतो आन् भट्टी पेटवतो. तुमी नेला तं मले कुलूप लावा लागन."

एकानं हळूच विचारलं, "ते झाडाखालचेच पाटे द्या ना मंग, तोवर चालवू."

"ते नाई भेटत!"

आता पेटीत कोण आधी हात घालतो म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते.

*

त्याच कडुनिंबाला एक जुना पाटा टांगलेला होता. पाळी सुरू करायची तर त्याच्यावर टोला द्यायचा, हीच कारखान्याची घंटा. भट्टी विझल्यापासून त्या घंटेला कोणी हात लावला नव्हता.

गुलाबराव कडुनिंबाकडे गेले. हातोडी उचलली, त्या पाट्यावर टोला हाणला आणि कान जवळ नेऊन उभे राहिले.

खण्णण्ण! पार कामगारांच्या वस्तीपर्यंत आवाज गेला.

आणि वस्तीतून माणसं निघाली! कोणाच्या हातात अर्धी भाकर, कोणी सदऱ्याची बटणं लावतोय. पावत्या धरून उभ्या असलेल्या लॉरीमालकांकडे ढुंकूनही न बघता ते सरळ आत गेले. भट्टीशी फावड्यांचा आवाज सुरू झाला.

गुलाबराव पाटा पूर्ण शांत होईस्तोवर ऐकत राहिले. मग हातातली पावती घडी करून खिशात घातली आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "मुका नाई जी!"