शेवटची ओळ

पोंभुर्ण्याकडच्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवतो. समाजाची रचना डोळ्यांना दिसत नाही, ती माणसांच्या रोजच्या जगण्यात उमटते, असं मी दरवर्षी वर्गात सांगायचो. आमच्याच गावची एक मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. पुढच्या बाकावर बसायची. समजलं नाही की सरळ हात वर करायची.

चैत्रात तिच्या आईला वाघानं मारलं. मोहफुलं वेचायला गेली होती. पावसाळ्यात हीच बाई आमच्या शेतातल्या बांध्यांमध्ये धानाची रोवणी करायची.

मी भेटायला गेलो. अंगणात त्या बाईनं मरणाच्या आदल्या दिवशी वेचलेली फुलं वाळत पडली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "इतक्या पहाटे एकटी काऊन गेली होती बाई?"

मुलगी रडत नव्हती. म्हणाली, "सर, कालपासून सगळे हेच विचारून राह्यले. जंगलखात्याचा माणूस, सरपंच, आता तुम्ही. उशिरा गेलं तं फुलं ढोरं खाऊन टाकतात. अन् ते कुठी लांब गेली होती? आमच्या ओळीच्या मागं जंगलाशिवाय दुसरं हाये काय?"

मी वर पाहिलं. बौद्ध वस्तीतली ती शेवटची ओळ. न्हाणीच्या कुडाला लागूनच झुडपं सुरू होत होती. आमचं घर गावाच्या मध्ये, शेती तलावाखाली. मोहफुलं वेचून पोट भरायची वेळ आमच्या घरात कधी कुणावर आली नव्हती. दोन वर्षांपूर्वी वाघानं नेलेली म्हातारीही याच ओळीतली. जन्म या गावात गेला, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"तुम्ही वर्गात ते समाजाच्या रचनेचं शिकवलं होतं न, सर," ती हळू आवाजात म्हणाली. "मले ते तवाच समजलं होतं. इथी राहणाऱ्याले समजतेच."

मी मान खाली घालून निघालो.

परीक्षेला ती आली नाही. मी पुन्हा गेलो, पुढच्या परीक्षेचा फॉर्म मी भरून देतो म्हणालो. ती दोन लहान भावंडांना जेवायला वाढत होती.

"पाहू, सर," एवढंच म्हणाली.

जूनमध्ये नवीन हजेरीपट आला. जुन्या यादीवरून नावं उतरवून घेताना तिचं नाव मीच गाळलं.