पाय लावला आणि ते घरी गेले

मंडळी, मी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते म्हणतात. भाईंदरला माझ्याकडे रोज रांग असते. सुनेने 'वेदनामुक्ती केंद्र' असा बोर्डही लावलाय.

आज सकाळी एक बाई नवऱ्याला घेऊन आली. त्याच्या छातीत दुखत होतं, घाम फुटला होता.

"ताई, ही उसण नाही. हॉस्पिटलात न्या."

"काका, एकदा पाय लावा, मग लगेच नेते."

ती हलेचना, म्हणून लावला. तो म्हणाला, "बरं वाटलं." बाई हसली, "बघा, उगाच घाबरवत होता!" आणि दोघं घरी गेली.

सिल्व्हर पार्कला राहतात एवढंच कळलं. कुणी ओळखतं का? त्याला आत्ता हॉस्पिटलात न्या. माझं नाव सांगू नका, नाहीतर परत माझ्याकडेच येतील.